म्हातारबाचा खोकला

“मी आता इथेच झोपणार,” असं म्हणून थोरलीने हातातली बादली खाली ठेवली आणि गवताच्या भाऱ्यावर ती खरंच आडवी झाली.

“ताई, अजून नऊ बादल्या बाकी आहेत!” भोंगा ओरडला.

“हळू बोल रे.”

“हळूच बोलतोय!”

तबेल्याच्या छपरावरची कबुतरं भुर्रकन उडाली. थोरलीच्या या अकरा वर्षांच्या भावाला घरीदारी सगळे भोंगा म्हणायचे, ते काही उगाच नाही.

सुट्टीचा बेत किती छान होता! आत्याकडे जायचं, उशिरापर्यंत लोळायचं, आत्याच्या मुलीबरोबर, टिकलीबरोबर, पत्ते कुटायचे आणि उरलेल्या वेळात जेवायचं. पण आत्या होती जनावरांची डॉक्टर, आणि तिचा दवाखाना होता म्हाताऱ्या जनावरांचा. ज्यांची दुखणी जुनाट झाली आणि ज्यांना आता कुणी ठेवून घेत नाही, असे सदतीस जण तिथे राहायचे. संधिवाताने वाकलेलं गाढव, खरजेने बेजार झालेली कुत्री, दोन्ही डोळे गेलेली शेळी. त्यातच दोन कामगार एकाच आठवड्यात काम सोडून गेले. मुलं पोहोचली तेव्हा आत्याने दारातच त्यांच्या हातात बादल्या दिल्या आणि म्हणाली, “दोनच दिवस हं!” त्याला आता अकरा दिवस झाले होते.

थोरली तेरा वर्षांची होती. “तू थोरली ना!” एवढं म्हटलं की कुठलंही काम तिच्या गळ्यात मारता यायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. ती दमली होती. इतकी दमली होती की दमले म्हणून सांगायचाही तिला कंटाळा आला होता.

शेजारी म्हातारबा गव्हाणीत तोंड घालून गवत खात होता. म्हातारबा म्हणजे दुधाची गाडी एकोणीस वर्षं ओढलेला करडा घोडा. अख्ख्या दवाखान्यात थोरलीला काम न सांगणारा तो एकटाच. ती जवळ गेली की तो हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. त्यामुळे तिचा त्याच्यावर फार जीव जडला होता.

म्हातारबाने मान वर केली आणि तो खोकू लागला. पोट आत ओढून, मान ताणून, सगळं अंग हलवून.

“एकोणीस, वीस, एकवीस!” टिकली मोजत होती. दहा वर्षांची टिकली काहीही मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, वाटीतले वाटाणे, भोंग्याची जांभई. आणि मोजलेलं सगळं वहीत लिहायची. “काल सतराच होते.”

तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठ्या माणसांचे आवाज आले. एक आवाज दवाखान्याच्या मॅनेजरकाकांचा.

“डॉक्टर, काढ्याची बाटली दुप्पट केली, तिप्पट केली. आता काय घोडाच बाटलीत बुडवायचा?”

“गवत तेच आहे ना? धुळीचं नाही ना?” आत्याचा आवाज अगदी ओढलेला होता.

“एक नंबर गवत! दोन वर्षं तोच माणूस आणून देतो. जागा तीच, गवत तेच, बाटलीत अडुळसाही तोच. घोडाच म्हातारा झाला, त्याला कोण काय करणार?”

आत्या म्हणाली, “उभ्या उभ्या धापा टाकतो हो. मला आता बघवत नाही. शनिवारी सकाळी दहाला इंजेक्शन देते.”

“कसलं इंजेक्शन?” भोंग्याने विचारलं.

टिकली डॉक्टरांची मुलगी होती. तिला माहीत होतं. “शेवटचं,” ती म्हणाली आणि तिने वही मिटली.

थोरली उठून बसली. अंगात उठायचं त्राण नव्हतं, पण बसून राहणंही जमेना.

“आज मंगळवार,” ती म्हणाली. “शनिवारपर्यंत काहीतरी करायला हवं. टिकले, हा आधीपासूनच असा खोकायचा?”

“छे! आईला इथे नोकरी लागली आणि आम्ही आठ महिन्यांपूर्वी आलो, तेव्हा एकदासुद्धा खोकत नव्हता. त्याच्याही आधी, इथे आणला तेव्हा खोकायचा म्हणे. तेव्हा त्याला काढेकाकांनी बरं केलं.”

काढेकाका दवाखान्याचे जुने कंपाउंडर. तीस वर्षं त्यांनी इथे झाडपाल्याची औषधं केली. दवाखान्यामागची निर्गुडी, कडुनिंब, हळद, अडुळसा ही सगळी त्यांचीच लागवड. दीड महिन्यापूर्वी ते निवृत्त झाले आणि मॅनेजरकाकांनी काढाघराला कुलूप घालून तयार बाटल्या मागवल्या. चूल नको, धूर नको, कचरा नको!

तिघांनी दवाखान्याची वही काढून पाहिली. काढेकाकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘घोडा, जुनाट खोकला. अडुळशाच्या ताज्या पानांचा काढा, सकाळ-संध्याकाळ.’ तीन आठवड्यांनी: ‘खोकला निम्मा.’ दोन महिन्यांनी: ‘खोकला नाही.’ ते ‘नाही’ पानामागून पान चालू होतं, थेट काढेकाका गेले त्या दिवसापर्यंत. पुढच्याच आठवड्यात आत्याचं अक्षर: ‘खोकला पुन्हा सुरू.’

“बाटलीतच खोट आहे!” भोंगा गरजला. “मॅनेजरकाका आत पाणी भरतात!”

“पुरावा?” टिकलीने विचारलं.

“त्यांचं तोंड बघ ना!”

“तोंड हा पुरावा नसतो. तसं असतं तर तू रोज तुरुंगात असतास.”

“भांडू नका,” थोरली म्हणाली. “उद्या सकाळी काढेकाकांकडे जाऊ.”

काढेकाका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहत. दोन्ही गुडघ्यांना निर्गुडीची पानं बांधून ते खुर्चीत बसले होते. मुलांना पाहून त्यांनी आधी चष्मा पुसला.

“दवाखान्यातून आलात? दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणी आलं,” ते म्हणाले.

म्हातारबाचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. जिने उतरायची ताकद असती तर तिथल्या तिथे निघाले असते. मग त्यांनी काढा करायची रीत सांगितली आणि भोंग्याच्या हातात काढाघराची जादा किल्ली ठेवली. “कोवळी पानं घ्यायची नाहीत. मोठ्या टपात तीन पाण्यांनी धुवायची. धूळ अजिबात राहता कामा नये! मग मंद आचेवर आटवायचं, पाव हिस्सा उरेपर्यंत.”

टिकली भराभर लिहून घेत होती. “आणि ते धुतलेलं पाणी, काका?”

“पाणी? पाण्याचं काय! टाकायचं असतं,” काढेकाका घाईघाईने म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. “बरं, म्हातारबाला माझा नमस्कार सांगा.”

थोरलीला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण दमलेली माणसं अशी मध्येच तुटक बोलतात, हे तिला स्वतःवरून ठाऊक होतं.

त्या दुपारी तिघांनी पानं तोडली, धुतली, चूल पेटवली. टप भरला की भलताच जड व्हायचा. काढाघराचं दार उघडलं की समोर पाच पावलांवर म्हातारबाची गव्हाण, आणि गटार मात्र पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. दारावर लाल रंगात पाटी होती: ‘टपातले पाणी गटारातच ओतावे. हुकमावरून.’ तिघं तो टप फरफटत गटारापर्यंत घेऊन गेले, तेही तीन वेळा. भोंग्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि टिकलीच्या हाताला फोड आला.

संध्याकाळी काढा निवला. आत्याने पेला तोंडाशी नेऊन वास घेतला, दोन चमचे स्वतः पिऊन पाहिला आणि मान हलवली. “द्या. त्याने काही वाईट होणार नाही,” ती म्हणाली. सुई नसलेल्या मोठ्या पिचकारीने तिने तो म्हातारबाच्या तोंडात सोडला. म्हातारबाने ओठ चाटले, गव्हाणीत तोंड घातलं आणि दोन घास खाऊन खोकायला लागला.

“चोवीस,” टिकली म्हणाली.

“एका दिवसात काय होतंय!” भोंगा म्हणाला खरा, पण त्याचा आवाज साध्या माणसाएवढाच निघाला.

मॅनेजरकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. “झाडपाल्याने जुनं दुखणं जात असतं तर मी बाटल्या कशाला मागवल्या असत्या? आणि टपातलं पाणी कुठे ओतलंत?”

“गटारात.”

“बरं केलंत. नियम म्हणजे नियम!”

गुरुवारी सकाळी थोरली एकटीच काढाघरात आली. टिकलीच्या हाताला पट्टी होती आणि भोंग्याला गदागदा हलवूनही तो उठला नव्हता. काढ्याने गुण येत नाही हे तिने काल डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती आली, कारण दुसरं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. तिने पानं तोडली, टपात घातली आणि पहिल्या पाण्याने धुतली. मग तिने पाण्याने भरलेल्या टपाकडे पाहिलं, अंगणापलीकडच्या गटाराकडे पाहिलं, आणि तिला रडूच कोसळलं. तिला तो टप तिथपर्यंत ओढवणार नव्हता. आज तर नाहीच.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. टप पाच पावलं ओढला आणि सगळं पाणी म्हातारबाच्या गव्हाणीत, गवतावरच ओतून दिलं. गव्हाणीच्या फटींतून पाणी गळून मातीत गेलं. संपलं काम! नंतरची दोन पाणीही तिने तशीच ओतली, पानं चुलीवर आधणात टाकली आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

म्हातारबा ओलं गवत खाऊ लागला.

थोरलीचा डोळा लागला असावा. जाग आली ती भोंग्याच्या आवाजाने. “ताई! ए ताई! हा खोकत नाहीये!”

गव्हाण अर्धी रिकामी झाली होती. टिकली वही उघडून उभी होती आणि वहीत फक्त दोन रेघा होत्या.

“काढ्याचा गुण! मी सांगत होतो ना!” भोंगा नाचायला लागला.

“अरे, पण काढा तर अजून चुलीवर आहे,” टिकली म्हणाली.

नाच थांबला. तिघांनी वळून काढाघराकडे पाहिलं. पातेल्यातून वाफ निघत होती. आज म्हातारबाला काढ्याचा एक थेंबही मिळाला नव्हता.

थोरलीची झोप उडाली. ती गव्हाणीशी गेली आणि ओलं गवत बाजूला सारून पाहू लागली. अगदी तळाला, फळ्यांच्या सांध्यात, काळी पडलेली पानं घट्ट चिकटून बसली होती. एक नाही, दोन नाही, थरावर थर.

“ही अडुळशाची पानं,” ती म्हणाली. “काढा तर पिचकारीने तोंडात देतात. मग पानं गव्हाणीत कशी आली?”

“आज तू इथे पाणी ओतलंस ना, तशी!” शेजारच्या रिकाम्या टपाकडे पाहत टिकली म्हणाली. “पण ही तर किती जुनी आहेत, ताई. म्हणजे कुणीतरी रोज…”

“काढेकाका!” भोंगा किंचाळला. “म्हणूनच ते खिडकीबाहेर बघत होते!”

मग थोरलीने गवताच्या भाऱ्यातली एक कोरडी पेंढी उचलली आणि उन्हाच्या तिरिपेत झटकली. तिरीप क्षणात धुळीने भरून गेली. नुसत्या डोळ्यांना गवत किती स्वच्छ दिसत होतं! भोंगा सटासट शिंकला. थोरलीला सगळं कळलं आणि तिला इतका आनंद झाला की तिने म्हातारबाच्या मानेला मिठी मारली.

संध्याकाळी त्यांनी मुद्दाम कोरडं गवत घालून पाहिलं, अगदी थोडं. खोकला तेवीस. शुक्रवारी सकाळी पुन्हा ओलं. खोकला एक! आता आत्याला सांगायचं, बस्स! पण आत्या पहाटेच दूरच्या गावी अडलेल्या गाभण गाईकडे गेली होती आणि तिचा फोन लागेना. सापडले ते मॅनेजरकाका.

“ओलं गवत?” त्यांनी कपाळाला हात लावला. “बुरशी धरेल त्याला! कुणी सांगितलं? काढेकाकांनी?”

“नाही, टपाने!” भोंगा म्हणाला आणि तिथेच सगळं फिस्कटलं. मॅनेजरकाकांनी किल्ली काढून घेतली, काढाघराला कुलूप लावलं, गव्हाण स्वतः पुसून कोरडी केली आणि वर ठासून कोरडं गवत भरलं. तिन्ही मुलांना तबेल्यात यायची बंदी झाली.

शनिवारी सकाळी म्हातारबा मान खाली घालून उभा होता. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. दहाला पाच मिनिटं कमी असताना आत्या ट्रे घेऊन आली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. आदल्या पहाटेपासून तिची पाठ अंथरुणाला टेकली नव्हती.

थोरली दारात आडवी उभी राहिली.

“थोरले, बाजूला हो. मला आधीच कठीण जातंय गं,” आत्या म्हणाली.

“पाचच मिनिटं, आत्या. नंतर मी स्वतः बाजूला होईन.” मग ती मॅनेजरकाकांकडे वळली. तिचा आवाज अगदी गोड होता. “काका, हे गवत एक नंबरचं आहे ना? मग आत्याला जरा जवळून दाखवा ना. या उन्हात, चांगलं झटकून!”

“अरे, दाखवतो की! लपवायचंय काय त्यात?” मॅनेजरकाका पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांत पेंढी घेतली आणि उन्हाच्या तिरिपेत फाडफाड झटकली. एकदा, दोनदा, तीनदा. “बघा डॉक्टर, आहे का कुठे धू… धू… आक्!”

त्यांना जो ठसका लागला! डोळ्यांना पाणी आलं, चेहरा लाल झाला, किल्ल्या खुळखुळू लागल्या.

“बावीस! तेवीस! चोवीस!” भोंगा आनंदाने मोजत होता. “म्हातारबाच्या बरोबरीने आले!”

तोवर टिकलीने दाराआड लपवलेली पाण्याची बादली आणली. थोरलीने धुळीची गव्हाण रिकामी केली, एक पेंढी बादलीत बुडवली, निथळली आणि म्हातारबासमोर धरली. म्हातारबाने हुंगलं आणि खायला सुरुवात केली. दमलेला होता, सावकाश खात होता. एकदा खोकला, मग नुसता खात राहिला. टिकलीने आत्याच्या हातात वही दिली. बुधवार चोवीस. गुरुवार सकाळ दोन, संध्याकाळ तेवीस. शुक्रवार सकाळ एक.

आत्याने वही वाचली. तिरिपेत अजून तरंगणाऱ्या धुळीकडे पाहिलं. मग हातातला ट्रे तिने खाली, जमिनीवरच ठेवून दिला.

“धुळीचा दमा,” ती म्हणाली. “धूळ आहे का म्हणून मी विचारलं. दीड महिन्यात चार वेळा विचारलं. एकदाही एक पेंढी हातात घेऊन बघितली नाही!”

तेवढ्यात फाटकाशी काठीचा आवाज झाला. काढेकाका होते. म्हातारबाचा निरोप घ्यायला ते एकेक पायरी करत जिना उतरून आले होते. घोडा उभा राहून खातोय हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. पण ओल्या गव्हाणीवर नजर गेली आणि ते चपापले.

“काका, पानं धुतलेलं पाणी तुम्ही इथे ओतायचात ना?” थोरलीने हळूच विचारलं.

काढेकाकांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग मॅनेजरकाकांकडे. “काय करू? गटार लांब, टप जड, आणि गुडघे हे असे. लाज वाटायची म्हणून कुणाला सांगितलं नाही.” मग त्यांना हळूहळू सगळा उलगडा झाला आणि ते गवताच्या भाऱ्यावरच बसले. “म्हणजे… माझ्या काढ्याने तो बरा झालाच नव्हता?”

थोरलीला फार वाईट वाटलं. म्हातारबा वाचला होता, पण तीस वर्षांच्या कामातलं काहीतरी तिने काढून घेतलं होतं.

आत्या त्यांच्याशेजारी भाऱ्यावर बसली. “काढ्याने घसा निवतो, कफ सुटतो, म्हणून तो चालूच ठेवू. पण घशात रोज नवी धूळ जात राहिली तर काढा तरी किती पुरा पडणार? ताजी पानं होती म्हणून टप होता, टप होता म्हणून पाणी होतं. बाटलीत ते पाणी येत नाही, काका. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून हा घोडा दोन वर्षं सुखाने जगला.”

काढेकाकांनी दवाखान्याची वही मागवली, चष्मा लावला आणि म्हातारबाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं: ‘गवत नेहमी भिजवून, निथळून, ताजं ताजं द्यावं. हे दोन वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.’

वही मिटून त्यांनी थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. “मी दमलो आणि ते लपवून ठेवलं. तू दमलीस, तेच केलंस, पण मग वाकून गव्हाणीचा तळ पाहिलास. माझ्यापेक्षा बरी कंपाउंडर होशील तू, पोरी.”

मॅनेजरकाकांनी घसा खाकरला. पाटी काढून ती काखेत मारली आणि काढाघराची किल्ली मुकाट्याने काढेकाकांच्या हातात दिली. “पण रोज टप उचलायला माणूस कुठून आणायचा?” ते पुटपुटले.

“थोरली आहे ना!” सवयीने भोंगा म्हणाला.

“थोरली आज काहीही करणार नाही!” आत्या म्हणाली. तिने थोरलीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतलं गवत काढलं. “आज टप मॅनेजरकाका उचलतील आणि बादल्या भोंगा भरेल. तू सदतीस जणांतला एक जण वाचवलास. आता झोप.”

आतापर्यंत थोरलीला शाळेत तीन बक्षिसं मिळाली होती, पण त्यातलं एकही इतकं छान नव्हतं. ती भाऱ्यावर आडवी झाली. जरा वेळाने आत्याही “पाचच मिनिटं हं,” म्हणत तिच्याशेजारी कलंडली आणि लगेच घोरायला लागली.

भोंगा भरलेली बादली घेऊन आला. त्याने तोंड उघडलं, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. टिकलीच्या कानाशी जाऊन त्याने विचारलं, “खोकले किती?”

“एकही नाही,” टिकली कुजबुजली.

छपरावरची कबुतरं जागची हलली नाहीत.